डावा पाय

बसवनगुडी
९ जून २०२४

चि. जयतीर्थ,

चावी काढून हातात घेतली तरी स्टार्टर फिरत राहिला. चावी फरशीवर टाकली, तरी फिरत राहिला. उतरून बॉनेटपाशी गेले. बॅटरीकडून येणारी जाड केबल उजव्या हाताने ओढली, निघाली नाही. हाताखालीच ती तापली, रबराला वास सुटला, मग धूर निघाला. बाकावर तुझा मोठा पाना होता. तो उचलून स्टार्टरच्या सोलेनॉइडवर मारला. दोनदा काही झालं नाही. तिसऱ्यांदा इतका जोर लावला की पाना उसळून माझ्याच कपाळावर आला. आवाज थांबला. भुवईवर खोक पडली आहे. तीन बोटांची कातडी केबलला चिकटून राहिली. म्हणून अक्षर असं आहे.

सोळा महिन्यांत तुला एक ओळ लिहिली नाही. तुरुंगात भेटायलाही आले नाही. तुझी वकील रंजिता दर महिन्याला फोन करते, तुझी तब्येत सांगते. मी सरी, बरं, म्हणते आणि फोन ठेवते.

गाडी माझ्या नावावर म्हणून कोर्टाने माझ्या ताब्यात दिली. हात लावायचा नाही, या अटीवर. शेडमध्ये आहे तशीच आहे, तोंड भिंतीकडे. भिंतीवर मी चुना दिला. चुन्याखालून डाग दिसतो.

तू पोलिसांना सांगितलंस की सोलेनॉइड अडकला, चावी बंद करूनही स्टार्टर चालू राहिला, त्याच्या जोराने गाडी पुढे गेली आणि अभिराज बंपर आणि भिंत यांच्यामध्ये सापडला. सरकारी वकील म्हणतात, बनाव आहे. आदल्या रात्री मामा-भाच्याचं भांडण शेजारी धनलक्ष्मीने ऐकलं. मी चौतीस वर्षं कॉलेजच्या प्रयोगशाळेत उपकरणं लावून दिली. कोणी म्हणतं म्हणून काही मानायची मला सवय नाही. आज गिअर काढला, चाकांना दोन्ही बाजूंनी दगड लावले आणि चावी फिरवत बसले. तीस वेळा स्टार्टर नीट थांबला. एकतिसाव्या वेळी अडकला.

म्हणजे ते होतं. म्हणजे तू खोटं बोलला नाहीस. माझा मुलगा त्या यंत्राने मारला की माझ्या भावाने, एवढंच मला कळायला हवं होतं. दुपारी हुळी-भात केला आणि पोटभर जेवले. बऱ्याच दिवसांनी.

अक्का

—

१७ जून २०२४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

हे पत्र रंजिताच्या हातून पाठवतोय. टपालाने जाणारं प्रत्येक पत्र इथे उघडतात. मराठी पत्रं देवाप्पा नावाचे वॉर्डर वाचतात. चिक्कोडीकडचे आहेत, घरी मराठीच बोलतात. तुझं पत्र देताना म्हणाले, "सोळा महिन्यांनी बहिणीचं पत्र, आणि त्यात सगळं गाडीचं. तुमच्या घरात माणसांची चौकशी करत नाहीत काय?" मी म्हटलं, ही चौकशीच आहे.

पुन्हा गाडीला हात लावू नकोस. तू पाना मारून तो सोडवलास, हे कोणाला सांगू नकोस. सोलेनॉइडच्या पोटात मोठं काही नसतं. तांब्याचे दोन खुंट आणि एक तांब्याची चकती. चावी फिरवली की चकती खुंटांना टेकते आणि बॅटरीचा सगळा प्रवाह स्टार्टरकडे जातो. चावी सोडली की स्प्रिंग तिला मागे ओढते. दर वेळी ठिणगी उडते, तांबं थोडं वितळतं. पन्नास-साठ वर्षांनी त्याला खड्डे पडतात आणि एखाद्या वेळी चकती खुंटांनाच डकते. मग चावीचा काही संबंध राहत नाही. पान्याचा दणका बसला की सुटते. तू मारलेल्या प्रत्येक दणक्याने माझा पुरावा थोडा थोडा सुटतो आहे.

रंजिताने नव्या तपासणीचा अर्ज केला आहे. परिवहन खात्याचा माणूस येईल. तो स्वतः चावी फिरवील. तू फक्त बघ.

माझे पुढचे दोन दात गेले. नळाजवळच्या जागेवरून झालं. एकाने माझं डोकं धरून नळावर आपटलं. मी त्याचा अंगठा धरला आणि मोडेपर्यंत सोडला नाही. आता तो मला वाट देतो.

एक महत्त्वाचं. तुझं मनगट जिन्यावरून पडून मोडलं, असंच तू सगळ्यांना सांगितलं आहेस. तेच ठेव. अभिराजने मोडलं हे बाहेर आलं तर मला त्याला मारायला कारण होतं असं होईल. आदल्या रात्रीचं भांडण कशाचं होतं असं विचारलं तर घरातलं साधं बोलणं, एवढंच म्हण. मनगट आता वळतं का?

तुझा
जयतीर्थ

—

बसवनगुडी
२६ जून २०२४

चि. जयतीर्थ,

परवा तपासणी झाली. अडकला नाही.

तपासणीस विठोजीराव म्हणून आहेत. माझं नाव वाचून मराठीत बोलायला लागले. शहाजीराजांच्या वेळेपासून आम्ही इथले, म्हणाले, आणि चप्पल बाहेर काढून शेडमध्ये आले, देवळात यावं तसे. गाडीवर हात फिरवला. आपली बॅटरी बघून तोंड वाकडं केलं आणि स्वतःबरोबर आणलेली नवी लावली. गिअर काढून चाळीस वेळा चावी फिरवली. चाळीस वेळा स्टार्टर शहाण्यासारखा थांबला. ते मोजत होते, मीही मोजत होते. रंजिता नखं खात होती.

सरकारी वकील शेवटपर्यंत थांबले होते. जाताना मला म्हणाले, "अम्मा, यंत्राला नातं नसतं. तुमच्या भावासाठी ते खोटं बोलणार नाही."

सगळे गेल्यावर मी पाना घेतला आणि गाडीचा डावा दिवा फोडला. मग उजवा. मग काच. काचेला चार घाव लागले. धनलक्ष्मी कुंपणावरून बघत होती.

मनगट वळत नाही. त्या दिवशी मी त्याचा फोन टेबलावरून उचलून खिडकीत ठेवला, कारण टेबल पुसायचं होतं. त्याने माझा हात ओट्याच्या कडेवर धरला आणि वरून भार दिला, जळणाचं लाकूड मोडतात तसा. दोन्ही हाडं गेली. आवाज ऐकून तो स्वतःच दचकला. मग मला पाणी आणून दिलं. हे मी कोणाला सांगितलेलं नाही, म्हणून हे पत्र बंद करून रंजिताच्या हाती देते आहे. तुला सांगायची गरज पडली नव्हती, तू संध्याकाळी आलास आणि हात बघितलास.

मी घरात एकतीस वेळा फिरवल्यावर अडकलं आणि त्यांनी चाळीस वेळा फिरवूनही नाही. असं का, ते मला लिही. वकिलासाठी नको. माझ्यासाठी लिही. अर्धवट कळलेलं घेऊन मला या घरात राहता येत नाही.

अक्का

—

३ जुलै २०२४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

नवी बॅटरी, तिथेच चुकलं. हे विठोजीरावांना कळायला हवं होतं, पण आजकाल जुन्या गाड्या दसऱ्याला ओवाळायलाच काढतात, त्यांना कोण दुरुस्त करतो.

बॅटरी भरलेली असली की चकती खुंटांवर घट्ट बसते आणि सुटतानाही झटक्यात सुटते. बॅटरी अर्धी असली की तिच्यात चकतीला धरून ठेवायचा जोर नसतो. चकती थरथरते. बसते, सुटते, बसते. दर थरथरीला ठिणगी. ठिणगीने तांबं वितळलं की डकली. तू बॅटरीवाल्याकडून किती वेळ चार्ज करून आणली होतीस? तो दिवसभर म्हणतो आणि चार तासांत काढतो. म्हणून तुझ्याकडे अडकलं.

त्या सकाळी बॅटरी अशीच होती. पंधरा दिवस गाडी काढली नव्हती.

रंजिताला सांगितलं आहे, पुन्हा अर्ज कर. पण या वेळी सगळं त्या दिवसासारखं पाहिजे. आपलीच बॅटरी, चारच तास चार्ज केलेली. गिअर काढायचा नाही. आप्पांपासून आपली पद्धत आहे, शेडला उतार म्हणून हँडब्रेकवर विसंबायचं नाही, पहिला गिअर टाकून ठेवायचा आणि मागच्या चाकामागे दगड. तशीच ठेवून चावी फिरवायची. पुढे भिंतीपर्यंत दीड हात जागा होती, तेवढीच ठेवायची. एकही गोष्ट बदलली तर पुन्हा फसेल. हे सगळं मी कागदावर क्रमाने लिहून दिलं आहे.

होसकोट्याच्या कारखान्यात असताना मी नवीन पोरांना हेच सांगायचो, बिघाड बघायचा असेल तर बिघाड झाला तेव्हाची गाडी उभी करा. सुधारलेल्या गाडीत बिघाड सापडत नाही.

दिवे फोडलेस हे बरं केलं नाहीस. ते दिवे आता मिळत नाहीत.

मनगटाचं वाचलं. त्याने पाणी आणून दिलं हे मला माहीत नव्हतं.

तुझा
जयतीर्थ

—

बसवनगुडी
३ ऑगस्ट २०२४

चि. जयतीर्थ,

परवा दुसरी तपासणी झाली. तू लिहून दिलेला कागद विठोजीरावांनी दोनदा वाचला आणि म्हणाले, हा माणूस बाहेर असता तर मी माझी गाडी यालाच दिली असती. सगळं तुझ्या कागदाप्रमाणे केलं. ते आत बसले. सातव्या वेळी अडकला.

त्यांनी चावी काढून खिडकीतून बाहेर धरली, सगळ्यांना दिसेल अशी. स्टार्टर ओरडत होता. केबलमधून धूर यायला लागला. सरकारी वकील मागे सरले. रंजिताने माझा दंड इतका घट्ट धरला की वळ उठले. विठोजीरावांच्या माणसाने बॅटरीची केबल उपटली, तेव्हा थांबलं. त्यांनी तिथेच अहवाल लिहिला, सोलेनॉइड अडकतो, आरोपीचं म्हणणं शक्य आहे. रंजिता मैसूरपाक घेऊन आली. म्हणाली, आता स्वल्पच राहिलं, तुमची साक्ष झाली की संपलं.

जया, गाडी हलली नाही.

पहिला गिअर होता. स्टार्टर पूर्ण जोरात चालू होता. भिंत दीड हातावर होती. आणि गाडी तसूभर पुढे गेली नाही. सगळे चावीकडे बघत होते, नाहीतर धुराकडे. मी विठोजीरावांच्या पायाकडे बघत होते, कारण दार उघडं होतं आणि मी बाजूला उभी होते. त्यांचा डावा पाय क्लचवर होता, शेवटपर्यंत दाबलेला. तो दाबूनच ते प्रत्येक वेळी चावी फिरवत होते. त्यात त्यांना विशेष काही वाटत नव्हतं, म्हणून ते त्यांनी लिहिलंही नाही.

आप्पांनी आपल्याला कसं शिकवलं ते मला परवा पहिल्यांदा आठवलं. चावीला हात लावण्याआधी डावा पाय. तू विसरलास की चिंचेची ओली फोक पोटरीवर. सोळाव्या वर्षी तुझ्या त्या पोटरीवर मी हळद लावली आहे. त्यानंतर चाळीस वर्षांत तू क्लच न दाबता गाडी सुरू केलेली मी पाहिली नाही.

काल सकाळी मी एकटीने करून बघितलं. बॅटरी पुन्हा चार तासांची. बंपर आणि भिंत यांच्यामध्ये, बरोबर त्या जागी, तेलाचे दोन पंधरा किलोचे रिकामे डबे एकावर एक ठेवले. आत बसले. क्लच दाबला. एकोणिसाव्या वेळी अडकला. गाडी उभी. मी मनात दहा मोजले. गाडी उभीच. मग पाय काढला.

ती झेप घेत नाही. मला वाटलं होतं झेप घेत असेल. ती हळू जाते, म्हैस अंगावर येते तशी, धक्के देत. भिंतीपर्यंत पोचायला चार आकडे लागले. डबे चेपायला लागले तेव्हा पत्र्याचा आवाज झाला आणि मी पाय परत दाबला. गाडी तिथल्या तिथे थांबली. मग गिअर काढला, उतरून केबल काढली. खालचा डबा अर्धाच चेपला होता.

अर्धाच, जया.

मी त्या दिवशी आत होते, साडी बदलत होते, एका हाताने. मला आधी स्टार्टरचा आवाज आला. बराच वेळ आला. मग पान्याचे ठोके. मग ओरडणं. स्टार्टर चालू असताना गाडी बराच वेळ उभी होती, हे मला तेव्हाही ऐकू आलं होतं. मी त्याचा अर्थ लावला नव्हता.

तुझा पाय कुठे होता?

अक्का

—

२८ ऑगस्ट २०२४

ती. अक्कास साष्टांग नमस्कार.

हे पत्र मी रंजिताकडे दिलेलं नाही. टपालाने पाठवतोय, तुरुंगाच्या शिक्क्यासकट.

तीन आठवडे तुला उत्तर दिलं नाही. पाय घसरला असं लिहिलं होतं. चप्पल ओली होती असंही लिहिलं. दोन्ही कागद फाडले. तुझ्या डब्यापुढे ते टिकले नसते.

त्या सकाळी तुला एक्स-रेला न्यायचं होतं. मी क्लच दाबला आणि चावी फिरवली. इंजिन लागलं नाही. चावी सोडली, स्टार्टर चालूच. बंद केली, चालूच. इथपर्यंत मी पोलिसांना सांगितलं ते खरं आहे. पाय दाबलेला होता आणि गाडी उभी होती. अभिराज शेडच्या दारात दात घासत होता. मी ओरडलो की सोलेनॉइडवर पाना मार. तो ब्रश तोंडात ठेवूनच आला, भिंतीच्या बाजूने आत शिरला आणि वाकून मारायला लागला. मी गिअर काढायला हात लिव्हरवर ठेवला. तेवढ्यात त्याने बॉनेटच्या कडेने मान वर काढली. ब्रश काढला, थुंकला आणि हसला. म्हणाला,

"मामा, ही पण आईसारखीच. दोन ठेवून दिल्याशिवाय गप्प बसत नाही."

मी पाय काढला. घसरला नाही, काढला.

गाडी हळू गेली, तू लिहिलं आहेस तशीच. त्याला आधी कळलं नाही. मग त्याने बॉनेट खाली पाडलं आणि दोन्ही हातांनी गाडी मागे ढकलली. काचेतून माझ्याकडे बघितलं. मामा म्हणाला, त्याच्या तोंडाभोवती फेस होता. मला पाय दाबता आला असता. मी त्याच्याकडे बघत होतो. मांड्या, मग कंबर. हाड मोडल्याचा आवाज स्टार्टरच्या वरून ऐकू आला, आणि तो ऐकल्यावरसुद्धा पाय लगेच गेला नाही. मग मी उतरलो आणि केबल काढली. तू दारात होतीस.

तुझ्यासाठी केलं असं मी लिहिणार नाही. रात्री भांडताना तू डोक्यात होतीस. त्या वेळी नव्हतीस. त्या वेळी फक्त त्याचं हसणं होतं आणि माझा पाय. इथे एकाचा अंगठा मोडला तेव्हाही असंच झालं, मोडल्यावरही सोडवेना. हे माझ्यात पूर्वीपासून असेल. मशीनवर काम करताना कधी कळलं नाही.

इथपर्यंतचं पत्र देवाप्पांनी वाचलं, पुढचं शिक्क्याखाली लिहितोय. वाचून झाल्यावर त्यांनी चष्मा काढून खिशात ठेवला. मग म्हणाले, "अण्णा, हे तुमच्या हाताने फाडा. मी आज चष्मा आणला नव्हता असं समजा." मी म्हटलं, शिक्का मारा. ते म्हणाले, म्हाताऱ्या बहिणीच्या डोक्यावर हे कशाला? मी म्हटलं, तिने विचारलं आहे. त्यांनी शिक्का मारला.

तुझी साक्ष बारा सप्टेंबरला आहे. काय सांगायचं ते मी सांगणार नाही.

जयतीर्थ

—

बसवनगुडी
११ सप्टेंबर २०२४

जयतीर्थ,

आज रंजिताच्या इंदिरानगरच्या ऑफिसात दोन तास बसले. तिने माझ्याकडून उत्तरं पाठ करून घेतली. आवाज ऐकला, बाहेर आले, भाऊ केबल ओढत होता. घरात भांडण नव्हतं. मनगट जिन्यावरून पडून. चार वाक्यं. त्यापुढे काही विचारलं तर आठवत नाही. विठोजीरावांचा अहवाल आणि ही चार वाक्यं, बस्स, म्हणाली. दिवाळीला तू घरी असशील. मुलगी हुशार आहे आणि मनापासून करते आहे. तिला तुझं पत्र दाखवलं नाही. ते माझ्या पिशवीत होतं.

दिवाळीला तू आलास तर वरच्या खोलीत राहशील. सकाळी खाली येऊन कॉफी मागशील. मी देईन. तू शेडमध्ये जाशील, दिवे कुठे मिळतात ते शोधशील. मी काही बोलणार नाही, आणि दहा वर्षं अशी जातील. हे मला जमेल, जयतीर्थ. याचीच मला भीती वाटते. मला सगळं जमतं.

अभिराजने दोन वर्षांत मला अकरा वेळा मारलं. दर वेळी मी डॉक्टरला नवीन जागा सांगितली. जिना, न्हाणीघर, अंगणातली शेवाळलेली फरशी. एकदा मांजर पायात आलं म्हटलं, आपल्याकडे मांजर नाही. डॉक्टरला कळत होतं. तो कागदावर तेच लिहायचा. मी एकदा जरी खरं सांगितलं असतं तर कोणीतरी येऊन त्याला घेऊन गेलं असतं. तो मला शिव्या देत कुठेतरी जिवंत असता. तू केलंस ते तुझं, पण हे माझं आहे, ते मी तुझ्या वाट्याला घालणार नाही.

तो मरावा असं मला कधी वाटलं नाही, असं लिहिणार होते. एकदा वाटलं. ओट्यापाशी, हाडं मोडली तेव्हा. मग तो पाणी घेऊन आला आणि ते मी प्याले.

अँब्युलन्समध्ये त्याने पाणी मागितलं. देऊ नका म्हणाले. माझ्या पदराचं टोक त्याने दातांत धरलं आणि चावत राहिला. बनशंकरीपर्यंतही पोचलो नव्हतो, तोच तो गेला. त्याचे दात सुटले नाहीत, तेव्हा तिथल्या माणसाने कात्रीने पदर कापला. कापलेला तुकडा त्याच्याबरोबर गेला. तू काचेतून त्याच्याकडे बघत होतास ते तू लिहिलंस. मी काय बघितलं ते तुलाही माहीत असावं.

तू मला खोटं लिहू शकत होतास. पाय घसरला म्हणाला असतास तर मी मानलं नसतं, पण कोर्टात चार वाक्यं म्हणून आले असते. तू खरं लिहिलंस आणि वर शिक्का मारून घेतलास. ते कशासाठी, हे मी विचारणार नाही. मला वाटतं मला कळलं आहे. चुकीचं कळलं असेल तर उद्या तुला ते दिसेलच.

रंजिता मला कधीही क्षमा करणार नाही. तिच्यासाठी वाईट वाटतं.

अक्का

१२ सप्टेंबर. पत्र काल पेटीत टाकलं नाही म्हणून खाली लिहिते. कोर्टात तुला पडद्यावर आणलं होतं. चित्र मधूनमधून थांबत होतं, तुला किती ऐकू आलं ते माहीत नाही. सरकारी वकिलांनी भांडणाबद्दल विचारलं. झालं होतं, म्हटलं. रंजिताने सोलेनॉइडबद्दल विचारलं. अडकतो, म्हटलं. पायाबद्दल दोघांनीही विचारलं नाही. न्यायाधीशबाईंनी विचारलं, आणखी काही सांगायचं आहे का. मी हो म्हटलं, मनगटापासून सुरुवात केली आणि तुझ्या पायापर्यंत आले. पाऊण तास लागला.